लेकरू कोणाच्या ताब्यात?

दिवाळी सरली की शेलूबाजारच्या चौकात गाठोडी दिसू लागतात. सोयाबीन निघालेले असते, तूर शेतात उभी असते, आणि ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांच्या हाताला काम नसते. मग कोणी ऊसतोडीला निघतो, कोणी वीटभट्टीवर, कोणी पुण्याला बांधकामावर, तर कोणी पार सुरतेला. घरची म्हातारी तेवढी दाराशी बसून राहते, बाकी सगळे घर पिशव्यांत बांधून मोटारीवर चढते. त्यांच्याबरोबर लेकरेही निघतात. काही आईबापाच्या हाताला धरून, काही मामाबरोबर, काही शिकायला म्हणून एखाद्या नातेवाइकाबरोबर. वाटेत एखाद्या वर्दीवाल्याने अशा लेकराला थांबवून ‘तुझे आईबाप कुठे आहेत?’ असे विचारले, तर पुढे त्याचे काय होते? वाचकहो, आज आम्ही त्याविषयी लिहिणार आहोत.

घडलेलीच गोष्ट सांगतो. ३० मे २०२३ रोजी बिहारकडून येणारी दानापूर-पुणे एक्स्प्रेस भुसावळला थांबली आणि रेल्वे सुरक्षा दलाचे जवान व रेल्वे पोलीस डब्यात शिरले. गाडीत बिहारच्या अररिया जिल्ह्यातली मुले होती. सांगलीच्या मदरशात शिकायला ती निघाली होती आणि त्यांचे शिक्षक त्यांच्यासोबत होते. मुलांची तस्करी चालली आहे, अशी खबर पोलिसांना होती. शिक्षकांना पुरेसे कागद दाखवता आले नाहीत. काही मुले भुसावळला उतरवली, उरलेली पुढे मनमाडला. एकूण ५९ मुले. पाच शिक्षकांवर मानवी तस्करीचा गुन्हा लागला. आधी पोलीस कोठडी, मग तुरुंग, असे चार आठवडे त्यांनी काढले. मुलांना नाशिक व भुसावळच्या बालगृहांत ठेवण्यात आले. तिथे ती बारा दिवस होती. मुले परत द्या म्हणून पालकांनी आवाज उठवला, तेव्हा प्रशासनाने त्यांना बिहारला रवाना केले. मार्च २०२४ मध्ये दोन्ही ठाण्यांतले गुन्हे बंद झाले. तस्करी वगैरे काही नव्हती, गैरसमजातून गुन्हा नोंदला गेला, असे पोलिसांनीच सांगितले.

‘गैरसमज’ हा शब्द किती सोपा आहे पाहा. दुकानात उधारीच्या वहीत पाच रुपये जास्त लिहिले गेले तर त्याला आपण गैरसमज म्हणतो. येथे ५९ लेकरे बारा रात्री परक्या छपराखाली झोपली. मूल परमुलखात आहे, आजूबाजूला मराठी चालली आहे, ती त्याला कळत नाही, आपल्याला का उतरवले हे त्याला कळत नाही, आपले गुरुजी कुठे नेले हे कळत नाही आणि घरी केव्हा जायचे हेही कळत नाही. त्याला पोटभर जेवायला मिळाले असेल. अंगावर कोणी हातही टाकला नसेल. तरीही त्या बारा दिवसांची भरपाई कोणत्या कागदावर लिहायची? गुन्हा बंद करण्याच्या अहवालात तिच्यासाठी रकाना नसतो.

काही वाचक म्हणतील, ती मुले बिहारची, त्यातून मदरशाची, आपल्याला त्याचे काय? आमचे म्हणणे असे की, अकोल्याहून गाडीत बसून मुंबईला किंवा मनमाडमार्गे पुण्याला जाणारा आपला माणूस याच भुसावळच्या आणि याच मनमाडच्या फलाटावरून जातो. त्याच्याजवळ कोणते कागद असतात? आधार कार्ड असले तर असले. भाच्याला सोबत घेऊन निघालेल्या मामाजवळ तो भाचाच आहे याचा पुरावा असतो का? मोटारगाडीतून भाच्याला नेणाऱ्या मामाला असा पुरावा कोणी मागत नाही. जनरलच्या डब्यात दाराजवळ बसलेल्या, मळकट सदऱ्यातल्या मामाला मात्र मागतात. संशय घ्यायला गरिबीच पुरेशी पडते. आणि नाव, गाव, जात, धर्म ऐकल्यावर तो संशय कमी होतो की वाढतो, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर लिखाण एकांगी होईल. मुलांची विक्री होते, गहाण ठेवणे होते, हे खोटे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातील उभाडे येथील कातकरी वस्तीतल्या एका लहान मुलीचा मृत्यू झाला आणि त्यातून उघडकीस आले की, तिथली मुले थोड्या पैशांवर आणि एखाद्या मेंढीवर तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे राबायला दिली जात होती. त्या मुलांना सोडवायला वेळेवर कोणी आले नाही. रेल्वे सुरक्षा दलाची ‘नन्हे फरिश्ते’ मोहीम, पोलिसांचे ‘ऑपरेशन मुस्कान’ यांतून हरवलेली, पळून गेलेली, पळवलेली अनेक मुले घरी पोहोचली आहेत, हेही खरे. फलाटावर एकट्या बसलेल्या मुलीजवळ जाऊन चौकशी करणारा शिपाई आपल्याला हवाच आहे. आमची तक्रार त्याच्या पुढच्या पायरीबद्दल आहे. चौकशी म्हणजे आईबापाला फोन करणे, गावच्या सरपंचाला, शाळेला, तिथल्या ठाणेदाराला विचारणे. ती आधी करायची की लेकरू आधी कुलपाआड ठेवायचे?

कायदा याबाबत काय म्हणतो ते आपल्या लोकांना ठाऊक नसते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सध्या चालू असलेला बालन्याय कायदा २०१५ सालचा आहे, तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. या कायद्यात दोन प्रकारची मुले वेगळी केली आहेत. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे, त्याचे प्रकरण बालन्याय मंडळापुढे जाते आणि त्याला ठेवायचेच झाले तर निरीक्षणगृहात ठेवतात. ज्याला आधाराची गरज आहे, म्हणजे हरवलेले, घरदार नसलेले, भीक मागताना किंवा कामावर सापडलेले मूल, ते बालकल्याण समितीपुढे जाते आणि ठेवलेच तर बालगृहात. आपल्याकडे दोघांनाही सरसकट ‘रिमांड होम’ म्हणतात आणि पोरगा तिथून आला की वस्तीत त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहतात. बालगृहात राहून आलेल्या मुलाने काहीही केलेले नसते, हे आधी आपल्याच माणसांनी समजून घेतले पाहिजे.

मूल सापडल्यापासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला समितीपुढे आणावे लागते. समितीने महिन्यातून किमान २० दिवस बसायचे असते. समितीची बैठक नसेल त्या दिवशी एका सदस्यापुढेही मूल हजर करता येते, म्हणजे ‘उद्या सुट्टी आहे, परवा या’ ही सबब चालत नाही. मुलाच्या घरची चौकशी १५ दिवसांत आणि अखेरचा निर्णय चार महिन्यांच्या आत व्हायचा असतो. मूल परजिल्ह्यातले किंवा परराज्यातले असेल तर त्याला त्याच्या जिल्ह्याच्या समितीकडे पोहोचवण्याची तरतूद आहे. आणि या सगळ्याच्या आधी, कायद्याच्या तिसऱ्याच कलमात, मूल प्रथम आपल्या कुटुंबात असावे आणि संस्थेत ठेवणे हा सर्वांत शेवटचा उपाय असावा, असे तत्त्व सांगितले आहे. २००९ साली संयुक्त राष्ट्रसंघाने केलेल्या मार्गदर्शक सूत्रांतही म्हटले आहे की, केवळ घरात दारिद्र्य आहे एवढ्या कारणावरून मुलाला आईबापापासून तोडता कामा नये. पण कागदावर शेवटी लिहिलेला उपाय प्रत्यक्षात पहिला होऊन बसतो, कारण तो सोपा असतो. अररियाला फोन लावून वीस घरांची खातरजमा करण्यापेक्षा मुले गाडीत बसवून बालगृहात सोडणे सोपे.

एवढा कायदाही आपोआप आलेला नाही. मुंबईत डोंगरी भागात एक जुना तुरुंग होता. १८८२ साली टिळक आणि आगरकर १०१ दिवस तिथेच होते, आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिले. तीच जागा पुढे मुलांना ठेवण्यासाठी वापरात आली. मोठ्यांसाठी उभारलेल्या दगडी भिंतींच्या आत पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या रस्त्यांवरची पोरे राहिली. कित्येक ठिकाणी तर मुलांना मोठ्या कैद्यांबरोबर खऱ्याखुऱ्या तुरुंगातच ठेवत. त्याविरुद्ध पत्रकार शीला बारसे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८६ साली न्यायालयाने बजावले की मुलांना तुरुंगात ठेवता येणार नाही. त्याच वर्षी देशभरासाठी पहिला बालन्याय कायदा झाला. म्हणजे एका बाईने पाठपुरावा केला, तेव्हा कुठे लेकरू आणि कैदी यांत फरक आहे हे सरकारी कागदावर आले.

मूल आत गेल्यावर त्याला कसे वागवले जाते, हा यापुढचा प्रश्न. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत न्याहारी धरून दिवसातून चार वेळा खायला द्यावे, मुलांची स्वतःची बालसमिती असावी, सूचनापेटी असावी, असे सगळे नीट लिहिले आहे. चांगली बालगृहे आहेत, तिथे जीव लावणाऱ्या बायाही आहेत, त्यांच्यावर अन्याय नको. पण २०१० साली ठाणे जिल्ह्यातल्या कवडास येथील मतिमंद मुलांच्या गृहात मुले कुपोषणाने दगावल्याच्या बातम्या आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाला आपणहून दखल घ्यावी लागली. २०१८ साली बिहारमध्ये मुझफ्फरपूरच्या मुलींच्या गृहातले अत्याचार बाहेर आले, ते मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या गटाने तिथल्या संस्थांची तपासणी केली म्हणून. गृह चालवणारा माणूस वजनदार होता. फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. त्या मुली तिथे राहत होत्या तेव्हा तपासणीचे सरकारी अधिकारी येत नव्हते का? येत होते. वहीत सह्याही होत होत्या. मुलींना कोणी एकटे बाजूला घेऊन विचारले नव्हते, हा फरक होता. ज्या लेकराला भेटायला बाहेरून कोणी येत नाही, त्याच्याशी आत कसेही वागता येते, हे तिथल्या वाईट माणसाला बरोबर कळते. म्हणून आमचे मत आहे की, आईबाप फाटकाशी उभे राहणे हेच लेकराचे पहिले संरक्षण आहे.

ही तऱ्हा आपल्याच देशात आहे असेही नाही. जगातला सर्वांत श्रीमंत देश म्हणवणाऱ्या अमेरिकेने २०१८ च्या उन्हाळ्यात मेक्सिकोच्या सरहद्दीवर काय केले? पोटासाठी, जिवासाठी सरहद्द ओलांडून आलेल्या आईबापांना एकीकडे आणि लेकरांना दुसरीकडे ठेवले. ५ मे ते ९ जून एवढ्या काळातच २,३०० च्या वर मुले अशी तोडली गेली. २६ जूनला न्यायाधीशाने हुकूम दिला की, पाच वर्षांखालची १४ दिवसांत आणि बाकीची ३० दिवसांत परत करा. तेव्हा लक्षात आले की, कोणते मूल कोणाचे याची धड नोंदच ठेवलेली नव्हती! संगणकाचा देश, आणि आई-लेकराचा ताळमेळ नाही. पुढच्या वर्षी, जून २०१९ मध्ये, टेक्सासमधील क्लिंट येथील ठाण्यात वकील गेले तेव्हा त्यांना दिसले की साबण नाही, दात घासायला ब्रश नाही, आणि सात-आठ वर्षांची मुले त्यांच्याहून लहान, अनोळखी बाळांना सांभाळत आहेत. सरकारची वकील न्यायालयात उभी राहून, साबण आणि ब्रश दिलेच पाहिजेत असे करारात कुठे लिहिले आहे, असा युक्तिवाद करत होती. देश कोणताही असो, स्थलांतर करणाऱ्या गरिबाचे मूल हे सरकारी नजरेत आधी ‘प्रकरण’ असते, मागाहून मूल.

बरे, आपण काय करायचे? लेकरांना बरोबर न नेणे हा एक मार्ग आहे आणि होईल त्याने तो घ्यावा. आजीजवळ ठेवा, हंगामी वसतिगृहाची सोय असेल तर मुख्याध्यापकांना विचारा. एक पालक गमावलेल्या किंवा अनाथ मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, २०२३ साली तिची रक्कम महिना २,२५० रुपये झाली, तिचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात असतो. विधवा बहिणींनी याची चौकशी केलीच पाहिजे. पण दूध पिते लेकरू किंवा वयात येणारी मुलगी मागे कशी ठेवणार, हे आम्हालाही कळते. तेव्हा नेणार असाल तर तयारीने न्या. शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या, बोनाफाइड घ्या. जन्माच्या दाखल्याची आणि रेशनकार्डाची झेरॉक्स लेकराच्या पिशवीत वेगळी ठेवा, मूळ कागद घरीच राहू द्या, झोपडीला आग लागली की सगळे जाते. लेकरू मामाबरोबर, काकाबरोबर किंवा गुरुजींबरोबर जाणार असेल तर आईबापाने दोन ओळींचे संमतीपत्र लिहून, त्यावर सरपंच किंवा मुख्याध्यापकांची सही-शिक्का आणि खाली चालू असलेला फोन नंबर टाकून सोबत द्यावे. ५९ मुलांच्या प्रकरणात पहिल्या तासाला सगळे कागदावरच अडले होते.

आणि कागदापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे पाठांतर. आमच्या बायाबापड्यांना विनंती आहे, पाच वर्षांच्या पोराला कविता येते, पाढे येतात, मग बापाचे पूर्ण नाव, गावाचे, तालुक्याचे, जिल्ह्याचे नाव आणि एक फोन नंबर का येऊ नये? ‘शेलू’ एवढेच सांगून चालणार नाही, महाराष्ट्रात शेलू, सेलू किती आहेत ते मोजायला बसावे. ‘शेलूबाजार, तालुका मंगरुळपीर, जिल्हा वाशीम’ असे घडाघडा यावे. तांड्यावरची गोरमाटी बोलणारी मुले सुरतेत गेली तर त्यांचे बोलणे तिथे कोणाला समजावे? पण नंबर कोणत्याही मुलखात समजतो. रविवारी विहारात लेकरे जमतात, तिथे एकेकाला उभे करून हे म्हणवून घेतले तर दोन रविवारांत सगळी वस्ती तयार होईल.

एवढे करूनही लेकरू अडकलेच तर घाबरून घरी बसू नये. पुष्कळ आईबाप पोलिसांच्या भीतीने महिना-महिना जात नाहीत, आणि न जाण्याचा अर्थ तिकडे ‘पालक बेपत्ता’ असा लागतो. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर १९९६ साली मुंबईत सुरू झाला, आता तो शासन चालवते, पैसे पडत नाहीत. त्यावर विचारा की मूल कोणत्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे नेले. नेमके नाव कळले की वाशीमच्या जिल्हा बालसंरक्षण कक्षात जाऊन तिकडे कळवायला लावा. समितीच्या आदेशाची प्रत मागून घ्या. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. भेटायला गेलात तर लेकराशी एकट्याने बोलू द्या असे म्हणा, आणि ते काय सांगते ते ऐका, लगेच ‘गप बस’ म्हणू नका. समिती दाद देत नसेल तर तिच्याविरुद्धची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. आदेशच मान्य नसेल तर ३० दिवसांच्या आत अपील करता येते.

अपील म्हटले की वकील आला आणि वकील म्हटले की पैसा आला, असे वाटून पुष्कळजण तिथेच थांबतात. तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाई, मूल आणि अनुसूचित जाती-जमातीचा माणूस यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वाशीमच्या न्यायालयात आहे, आणि तालुक्याची समिती मंगरुळपीरच्या न्यायालयात. अर्ज साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे, लिहून घेण्याचे काम तिथल्या माणसाचे आहे.